औषधवहन (कर्करोगाच्या रसायनोपचारातील)

कर्करोगाचे औषध गाठीपर्यंत पोचावे आणि बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी लागावी, यासाठी केलेली योजना. औषध तेच राहते, वाहन बदलते.

डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध. शिरेबाहेर झिरपले तर कातडी जाळते, एकूण मात्रा वाढत गेली की हृदय कमजोर करते. तेच लायपोसोममध्ये, म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटरच्या स्निग्ध पुडीत कोंडून वर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवले, तर यकृत आणि प्लीहेतल्या पेशी ते लवकर टिपत नाहीत; हृदयाचा धोका घटतो. तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटणे ही नवी तक्रार मात्र मागे लागते. या रूपाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे दुसरे औषध पाण्यात विरघळत नाही. त्याचा जुना द्रावक एरंडेलापासून बनलेला. त्याची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड, मग साधारण तीन तास सलाईन. २००५ मध्ये मान्यता मिळालेले अल्ब्युमिनयुक्त (अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन) रूप अर्ध्या तासात जाते.

गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून सूक्ष्म कण तिथे साठतात, असे जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले. उंदरांत हे जितके ठळक दिसते तितके माणसांत दिसत नाही. या क्षेत्रातल्या बऱ्याच आशा इथेच अडकल्या आहेत.

नागपुरात हा विषय खर्र्यापाशी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणापाशी येतो. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) इथे गडचिरोली-गोंदियापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. विदर्भात खर्र्यामुळे तोंडाचा कर्करोग फार, आणि त्यावरचे नेहमीचे औषध सिस्प्लॅटिन. ते मूत्रपिंडाला बाधते, म्हणून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढतात. तेही लायपोसोममध्ये भरून पाहिले गेले. पुडी इतकी पक्की निघाली की औषध बाहेरच येईना. त्यामुळे इथल्या बहुतेक रुग्णांना आजही साधे सिस्प्लॅटिनच मिळते.

लायपोसोमी डॉक्सोरुबिसिनची कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा औषधाच्या दुकानापासून वॉर्डापर्यंत थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या लागतात. कुपी गोठूही द्यायची नाही. मिसळायला मिठाचे सलाईन चालत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजच घ्यावे लागते.