हृद् ग्लायकोसाइडे, पोटॅशियम आणि मूत्रपिंड

हृदयाचे आकुंचन जोरकस करणाऱ्या, मुख्यतः वनस्पतिजन्य द्रव्यांना हृद् ग्लायकोसाइडे म्हणतात. आज औषधात वापरतात ते प्रामुख्याने डिजॉक्सिन. मराठवाड्यात याच वर्गातली विषे अंगणातल्या कण्हेरीत, बिट्टीच्या बियांत आणि बांधावरच्या रुईच्या चिकात असतात.

ही द्रव्ये पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ साली उजेडात आणला. १९९७ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. दर फेरीला तो ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो. मूत्रपिंडाच्या नलिकांत गाळले गेलेले सोडियम रक्तात परततेही त्याच्याच बळावर; पंप अडला की लघवीतून सोडियम जास्त जाते. मात्र नेहमीच्या मात्रेत हृदयरोग्याच्या अंगावरची सूज उतरते ती मुख्यतः हृदय सुधारून मूत्रपिंडाला रक्त नीट मिळू लागल्याने. इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिसची (याच वर्गातली द्रव्ये देणाऱ्या वनस्पतीची) माहिती प्रसिद्ध केली, तीही सुजेवरचे औषध म्हणूनच.

पंपावरच्या जागेसाठी पोटॅशियम आणि डिजॉक्सिन यांची चढाओढ असते. रक्तातले पोटॅशियम (सर्वसाधारणपणे लिटरला ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट) घटले, की नेहमीची गोळीही बाधते. बिट्टीच्या तीव्र विषबाधेत उलटे घडते: पंप बंद पडून पोटॅशियम पेशींबाहेर साचते. एरवी वाढलेले पोटॅशियम अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या मदतीने मूत्रपिंड बाहेर टाकते. पोटॅशियम दीर्घकाळ कमी राहिले, तर लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची ताकद घटते.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा हे गणित बिघडायला एक जुलाबाचा दिवस पुरतो. डिजॉक्सिनसोबत लघवी वाढवणारी, पोटॅशियम घटवणारी गोळी चालूच, त्यात जुलाबाने पोटॅशियम आणखी घटते. पाणी आटून मूत्रपिंड मंदावते आणि डिजॉक्सिन साचते, कारण ते बहुतांशी लघवीवाटेच जाते. त्याचा अर्धायुकाल (शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) एरवी दीड-दोन दिवसांचा. मूत्रपिंड निकामी असल्यास साडेतीन ते पाच दिवसांचा. मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गळून जाणे ही विषबाधेची पहिली लक्षणे घरच्यांना ‘ऊन लागलं’ अशीच वाटतात. नाडी मंदावणे किंवा सगळे पिवळट दिसणे मात्र उन्हाच्या खाती टाकता येत नाही. अशा वेळी डिजॉक्सिनच्या पातळीसोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) आणि पोटॅशियमही पाहावे लागते. एकटा आकडा फसवतो.

आजाऱ्याला भेटायला जाताना जालन्याची मोसंबी किंवा अर्धापूरची केळी नेण्याची रीत आहे. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटलेल्याला ती चालतात; मूत्रपिंड निकामी झालेल्याला तीच घातक ठरू शकतात.