गोळी घेतली, पण औषध झालं का?

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसल्यापासून आमच्या काकांना 'ही गोळी कसली?' असं कुणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं : "ही रक्त पातळ करायची गोळी." रक्त म्हणजे काही आमटी नव्हे, पाणी ओतून पातळ व्हायला. डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झालेल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये, एवढंच या गोळीचं, म्हणजे क्लोपिडोग्रेलचं काम.

पण काही जण ही गोळी न चुकता घेतात आणि तरी गुठळी होते. कारण गोळीत असतो तो नुसता कच्चा माल. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग शरीरातली एस्टरेज नावाची विकरं (एन्झाइम) परस्पर निकामी करतात. उरलेल्या १५ टक्क्यांवर यकृतात दोन टप्प्यांत प्रक्रिया होते आणि दोन्ही टप्प्यांत 'सीवायपी२सी१९' या विकराचा हात असतो. तयार झालेल्या रेणूत गंधकाचा एक अणू जोडी शोधत असतो. प्लेटलेटवरच्या पी२वाय१२ या ग्राहीतल्या (संदेश टिपणाऱ्या रेणूतल्या) गंधकाशी तो बंध बांधतो, तो कायमचा. प्लेटलेटला केंद्रकच नाही, मग नवा ग्राही बनवणार कोण? बिचारी ७ ते १० दिवसांचं आयुष्य तशीच काढते. शस्त्रक्रियेआधी ही गोळी सहसा पाचेक दिवस थांबवतात ती नव्या प्लेटलेट्स याव्यात म्हणून.

आता या विकराच्या जनुकात एकच अक्षर बदललं, 'जी'च्या जागी 'ए' आलं, तर त्या जनुकाच्या नकलेची, म्हणजे आरएनएची काटछाट चुकीच्या जागी होते आणि विकर अर्धवट, बिनकामाचं निपजतं. आई आणि वडील दोघांकडून अशीच प्रत आली, तर गोळीचं औषध फारसं होतच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत अशा प्रतींचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये याबद्दल औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापायला लावला. आशियाई वंशाची वस्ती मोठी असलेल्या हवाई राज्याने २०१४ मध्ये ही गोळी विकणाऱ्या कंपन्यांना याच कारणावरून कोर्टात खेचलं. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ९१ कोटी डॉलरहून अधिक दंड ठोठावला.

मग डोस वाढवायचा? २०११ च्या 'ग्रॅव्हिटास' चाचणीत ७५ ऐवजी १५० मिलिग्रॅम देऊनही हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. त्यापेक्षा वाट बदलून त्याच कामाची दुसरी गोळी घेतलेली बरी. टिकाग्रेलॉर यकृताची वाट न बघता थेट ग्राहीवर बसतं, प्रासुग्रेलला एकच टप्पा पुरतो. दोन्हींत रक्तस्राव जास्त होतो, टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागते आणि पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत. म्हणून या गोळ्या सरसकट सगळ्यांना लिहून देत नाहीत. (लसूण-मधाने 'ब्लॉकेज विरघळवणारे' व्हॉट्सॲप वैद्य मात्र सगळ्यांना एकच काढा देतात.)

काकांची डबी पाहिली, तर क्लोपिडोग्रेलशेजारी ॲसिडिटीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेलं ओमेप्रॅझोल. ते याच विकराला अडवतं. डॉक्टरांनी त्याजागी पॅन्टोप्रॅझोल लिहून दिलं. काका मात्र अजून म्हणतात, "रक्त पातळ करायची."