आल्फ्रिस्टनचे क्लर्जी हाउस : दहा पौंडांच्या खरेदीची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, आल्फ्रिस्टन गावच्या चर्चला लागून असलेले हे शाकारलेले घर साधारण चौदाव्या शतकातले. ओकचा सांगाडा, मधे कुडाच्या भिंती, मध्यभागी थेट छपरापर्यंत मोकळा हॉल आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. आग्नेय इंग्लंडात बऱ्या परिस्थितीतला शेतकरी तेव्हा अशीच घरे बांधी. हॉलच्या मधोमध जाळ पेटे, धूर छपरातून वाट काढी, धुराडी नंतरची. पुढे घर चर्चकडे गेले, पाद्री (इंग्रजीत 'क्लर्जी') राहिले, आणि अखेर तिथे मजुरांची बिऱ्हाडे आली.

१८८५ च्या सुमारास चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाने घर पाडायला मंजुरी दिली. त्या निर्णयाला आज सगळे नावे ठेवतात, पण छप्पर गळत होते, लाकूड कुजले होते आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा याला उत्तर नव्हते. पाडकाम लांबले. नव्या पाद्र्याने मदतीसाठी दारे ठोठावली, आणि १८९५ मध्ये नुकत्याच उभ्या राहिलेल्या 'नॅशनल ट्रस्ट' या न्यासाने १८९६ साली हे घर दहा पौंडांना विकत घेतले. न्यासाने घेतलेली ही पहिली इमारत. स्वस्तातला सौदा म्हणून हा आकडा फार मिरवला जातो. पैसे खरे लागले ते डागडुजीला.

डागडुजी की जीर्णोद्धार, हा त्या काळातला कळीचा वाद. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर जुन्या चर्चांचे 'मूळ रूप' परत आणायच्या नादात शतकानुशतकांचे थर खरवडून काढले गेले. जे मूळ म्हणून दाखवले गेले त्यातले बरेचसे वास्तुविशारदाच्या कल्पनेतले होते. त्याविरुद्ध १८७७ मध्ये लंडनला एक संस्था निघाली. गिलावा खरवडण्यावरच राग असल्याने तिचे टोपणनावही 'खरवडविरोधी' पडले. तिचे म्हणणे सोपे होते : पडू देऊ नका, पण नटवूही नका. कुजलेला तुकडा बदला, नवे काम नवेच दिसू द्या, नंतरच्या पिढ्यांनी घातलेली भर पुसू नका. आल्फ्रिस्टनचे काम याच विचाराच्या सल्ल्याने झाले. घर वाचले ते दहा पौंडांपेक्षा या संयमामुळे, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात काय ठेवायचे आणि किती बदलायचे हे ठरवणाराही कोणीतरी असतोच. नटवणाऱ्यांची बाजू मात्र इतकी हरली, की आज ती मांडायलाही कोणी पुढे येत नाही.

आत गेल्यावर हॉलची जमीन पाहावी. खडूच्या दगडाचा चुरा ठोकून ती घट्ट केलेली आहे आणि वर आंबट दुधाचा हात दिलेला आहे. आपल्याकडच्या शेणसारवणाच्या जवळ जाणारी ही जुनी स्थानिक रीत. सामानसुमान मात्र नंतर आणून मांडलेले. घर ताब्यात आले तेव्हा ते पडायला झाले होते, त्यामुळे 'जतन केलेला अंतर्भाग' म्हणजे इथे मुख्यतः तुळया, कुड आणि उंची.

१९०७ च्या कायद्याने न्यासाला आपली मालमत्ता अविक्रेय ठरवण्याचा अधिकार मिळाला. विसाव्या शतकात बडे वाडे आणि त्यांच्या बागा हाती आल्यावर न्यासाची ओळख त्यांच्याशीच जोडली गेली.