आशयसूचना (बेपत्ता व्यक्तीवरील गुन्हे-माहितीपट)

बेपत्ता व्यक्तीच्या खऱ्या प्रकरणावरील माहितीपटात काय पाहावे-ऐकावे लागणार आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगणारा मजकूर म्हणजे आशयसूचना. भारतात ओटीटीवरील माहितीपटांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू आहेत. त्यांनुसार यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए यांपैकी श्रेणी आणि तिच्यासोबत हिंसा, भाषा, भीती असा आशयनिर्देश दाखवावा लागतो. यू/ए १३+ पासून पालकांसाठी लॉकची सोय आणि ‘ए’साठी वय पडताळणीही बंधनकारक आहे.

श्रेणी मात्र वयापुरतीच बोलते. माणूस गेला की आहे हेच न कळणे, हे बेपत्ता प्रकरणातले खास दुःख. अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी त्याची ‘अनिश्चित वियोग’ म्हणून मांडणी केली. ज्यांच्या घरात असे कुणी आहे त्यांना रक्तपातापेक्षा आईची मुलाखत किंवा पोलिसांना केलेल्या फोनचे ध्वनिमुद्रण मनाला अधिक लागते. म्हणून ‘काही दृश्ये विचलित करू शकतात’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘मानवी अवशेषांची छायाचित्रे, आत्महत्येचा उल्लेख, खरे फोन-ध्वनिमुद्रण; प्रकरण अद्याप उकललेले नाही’ असे नेमके लिहावे. उत्कंठा जाईल म्हणून निर्माते सूचनेतला ‘उकललेले नाही’ हा शेवटचा भाग गाळतात, पण त्याने रहस्य फुटत नाही.

सूचनेने त्रास कमी होतो, असा समज आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात तसे दिसले नाही. उलट पाहण्याआधीची धास्ती थोडी वाढते. तेव्हा सूचनेचे काम प्रेक्षकाला निवड करू देणे एवढेच, आणि मोघम शब्दांवर निवड करता येत नाही.

जागाही महत्त्वाची. अनेकदा सूचना शीर्षकाआधीच्या झलकेनंतर येते आणि झलकेतच मृतदेह दिसून गेलेला असतो. सूचनेची पडद्यावरची पाटी सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवावी आणि आवाजातही वाचावी, म्हणजे दृष्टिहीन प्रेक्षकांपर्यंत ती पोचते. सलग लागणाऱ्या भागांत सुरुवात वगळली जाते, म्हणून सर्वांत कठीण प्रसंगाच्या ऐन आधी ती पुन्हा द्यावी. डबिंग करताना पाटी इंग्रजीतच राहणे ही नेहमीची चूक. पुनर्रचित दृश्यावर ‘नाट्यरूपांतर’ हा शब्द ते दृश्य चालू असेपर्यंत हवा. मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देता येतो. तिथे मराठीतून बोलता येते.

सूचना दिली म्हणून कायद्यातून सुटका होत नाही. शोध चालू असताना मुलाचे नाव-छायाचित्र सर्वत्र लावलेले असते; पुढे प्रकरण पोक्सोखाली (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) गेले, तर कलम २३ प्रमाणे विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय तीच ओळख दाखवता येत नाही. चूक होते ती इथेच: शोधाची जुनी पत्रके संकलनात जशीच्या तशी येतात. प्रदर्शनानंतर व्यक्ती सापडली, अटक झाली किंवा निकाल लागला, तर सुरुवातीची पाटी तारखेसह बदलावी आणि प्लॅटफॉर्मवरील वर्णनही त्याच दिवशी दुरुस्त करावे.