गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्प्सिया: मुलांच्या दृष्टीने फरक काय?

‘गरोदरपणात बीपी वाढले होते’ असे आई सांगते तेव्हा दोन वेगळ्या आजारांपैकी कोणता झाला होता, हे त्यातून कळत नाही.

आधी उच्च रक्तदाब नसलेल्या स्त्रीचा दाब विसाव्या आठवड्यानंतर 140/90 किंवा अधिक राहिला, पण लघवीत प्रथिने नाहीत आणि यकृत, मूत्रपिंडे व प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ठीक आहेत, तर तो गरोदरपणातील उच्च रक्तदाब होय. त्याच दाबासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा ती जात नसतानाही प्लेटलेट एक लाखाखाली आल्या, यकृतावर ताण दिसला, न थांबणारी डोकेदुखी अथवा डोळ्यांपुढे अंधारी सुरू झाली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. पायांच्या सुजेवरून दोन्हींतला भेद ठरत नाही. ती निरोगी गर्भवतीलाही येते. पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होऊ शकते, म्हणून लघवीची तपासणी वारंवार होते.

प्रीएक्लॅम्प्सियाचे मूळ, विशेषतः तो 34 आठवड्यांपूर्वी उद्भवला तर, बहुधा वारेत (प्लॅसेंटात) असते: गर्भाशयातील सर्पिल धमन्या पुरेशा रुंदावत नाहीत, बाळाला रक्त कमी पोहोचते, आणि ते कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात 1991–92च्या सुमारास जन्मलेल्या मुलांची नवव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्या आयांना या दोहोंपैकी कोणताही आजार झाला होता, त्या मुलांचा दाब इतरांपेक्षा किंचित जास्त आढळला. मात्र जन्मवजन आणि गर्भकाल हिशेबात धरल्यावर प्रीएक्लॅम्प्सियाशी असलेला संबंध क्षीण झाला, तर ‘नुसत्या’ उच्च रक्तदाबाशी असलेला टिकून राहिला. माझ्या मते यातली लक्षणीय गोष्ट हीच आहे: सौम्य समजल्या जाणाऱ्या आजारात मुलाकडे जाणारी वाट बहुधा वारेची नसून आनुवंशिकतेची आणि घरातल्या सामायिक आहार-सवयींची असावी. याउलट हेलसिंकीत 1934 ते 1944 दरम्यान जन्मलेल्यांमध्ये, आईला प्रीएक्लॅम्प्सिया झाला असल्यास पुढे पक्षाघाताचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला, उच्च रक्तदाबाच्या गटात तो त्याहून कमी वाढलेला होता. अर्थात तेव्हाचे उपचार आजच्यासारखे नव्हते, आणि अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

म्हणून प्रसूतीनंतरच्या डिस्चार्ज कार्डावर नेमके निदान लिहून घ्यावे आणि ते मुलाच्या फाइलीत ठेवावे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या 2017च्या मार्गदर्शनानुसार मुलांचा रक्तदाब तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी मोजावा; बत्तीस आठवड्यांआधी किंवा अपुऱ्या वाढीने जन्मलेल्यांचा त्याहूनही आधीपासून.