रेइश मागूशचा तट आणि गोव्याचा पाऊस

पणजीहून बेतीच्या फेरीबोटीत चढलात की डाव्या हाताला, पलीकडच्या टेकडीवर रेइश मागूश किल्ल्याचा तट दिसतो. मांडवी इथे अरुंद होते. समुद्रातून जुन्या गोव्याच्या राजधानीकडे निघालेल्या गलबताला इथल्या तोफा चुकवणं अवघड होतं. म्हणून आधी आदिलशाहीने इथे चौकी बसवली आणि १५५१ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ला उभारला. १७३९ मध्ये मराठ्यांनी भोवतालचा बारदेश प्रांत घेतला, पण आग्वादचा किल्ला आणि हा किल्ला तेवढे हाती लागले नाहीत.

खरा वेढा पावसाचा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तट आहे जांभ्याचा. गंमत म्हणजे जांभा पावसानेच घडवलेला. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं मुरणारं पाणी मूळ खडकातली बरीचशी सिलिका आणि कॅल्शियम धुऊन नेतं. लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. तांबडा रंग त्या लोहाचा. खाणीतून नुकता काढलेला चिरा इतका मऊ असतो की साध्या हत्याराने तासता येतो. उन्हावाऱ्यात वाळताना लोहाची संयुगं पाणी सोडून घट्ट होतात आणि मग चिरा कितीही भिजला तरी पूर्वीसारखा मऊ पडत नाही.

पण चिरा जवळून पाहा, नुसती भोकं! त्यांत पाणी शिरणारच, म्हणून वर चुन्याचा गिलावा. शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेली चुन्याची कळी पाण्यात विरवून भिंतीला लावली की चुना हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि दगडासारखा होतो. या गिलाव्यातून वाफ बाहेर पडू शकते. सिमेंट भक्कम खरं, पण त्याच्या भेगेतून आत गेलेली ओल कोंडून राहते, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि मागचा चिरा भुगा होतो. जुन्या भिंतीला सिमेंट फासणं म्हणजे, माझ्या मते, औषध म्हणून विष देणं.

१९९३ पर्यंत इथे तुरुंग होता. डागडुजीनंतर २०१२ पासून किल्ला लोकांसाठी खुला झाला. आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत. माणसांची वर्दळ तटाच्या फायद्याचीच, कारण सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप वेळीच कुणाच्या तरी नजरेला पडतं. मूळ बोटाएवढं जाड झालं, की ते काढायला तटच उकलावा लागतो.