खुल्या हवेतली शाळा (शार्लोटेनबुर्ग)

अशक्त, सारखी आजारी पडणारी पण अंथरुणाला न खिळलेली अशा मुलांसाठी उघड्यावर भरणारी शाळा. जर्मनीत हिला वाल्डशूले म्हणजे जंगलातली शाळा म्हणतात. पहिली वाल्डशूले १ ऑगस्ट १९०४ ला शार्लोटेनबुर्गजवळच्या पाइनच्या जंगलात सुरू झाली असं साधारण मानतात (शार्लोटेनबुर्ग तेव्हा वेगळं शहर होतं, बर्लिनमध्ये आलं ते १९२० ला).

आता ही कल्पना मुळात कोणाची, यावर मतं वेगळी आहेत. काहीजण १८८१ च्या सुमारास बालरोगतज्ज्ञ आडोल्फ बागिन्स्की यांनी अशा शाळांची मागणी केली होती तिथपर्यंत मागे जातात, पण त्यातून तेव्हा काही उभं राहिलं नाही. दुसरा धागा स्वित्झर्लंडमधल्या वाल्टर बिओन यांच्या सुट्टीतल्या वसाहतींचा (गरीब शहरी मुलांना सुट्टीत मोकळ्या हवेत नेऊन ठेवायचं), १८७६ चा, पण तिथे शिकवणं नव्हतंच. जास्त पटतं ते असं की बेखर आणि लेनहोफ या डॉक्टरांनी १९०० च्या आसपास बर्लिनभोवतीच्या जंगलात आजारी कामगारांसाठी दिवसभर पडून राहायच्या जागा काढल्या, आणि तोच नमुना डॉ. बर्नहार्ड बेंडिक्स आणि शिक्षणाधिकारी हेर्मान नॉयफर्ट यांनी मुलांसाठी घेऊन त्यात वर्ग घातले. म्हणजे कल्पना जुनी, तिची शाळा केली ती या दोघांनी.

मुलं महापालिकेच्या प्राथमिक शाळांमधून निवडलेली, रक्तक्षय, गंडमाळा (मानेत गाठी येणारा आजार), हृदयाचा किंवा फुप्फुसाचा हलका त्रास असलेली. संसर्ग पसरवू शकणाऱ्या मुलांना घेत नसत. सकाळी पावणेआठच्या सुमारास यायचं, संध्याकाळी पावणेसातला घरी, आणि मधे पाच वेळा खाणं, आल्याआल्या सूप आणि लोणी लावलेला ब्रेड, दहाला दूध, मग दुपारचं जेवण, चारला परत दूध, जाताना पुन्हा सूप. तास पंचवीस मिनिटांचा, वर्गात साधारण वीसच मुलं. जेवणानंतर दोन तास प्रत्येकाने आपापल्या घडीच्या खुर्चीत घोंगडी ओढून झाडांखाली पडून राहायचं, त्या वेळात बोलायचंसुद्धा नाही.

वजन वाढलं, तब्येती सुधारल्या, हे अहवालांत आहे. श्रेय हवेला दिलं गेलं, पण गरीब घरातल्या मुलाला रोज पाच वेळा खायला आणि दोन तास झोप मिळाली तर फरक पडणारच. माझ्या मते जेवणाचा वाटा मोठा आणि तो नीट सांगितलाच गेला नाही.

पुढे अशाच शाळा निघाल्या, १९०७ ला लंडनला बोस्टल वूडमध्ये, १९०८ ला अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला, १९११ ला बर्मिंगहॅमला उफकल्म नावाची. पॅरिसजवळच्या स्युरेनच्या अशाच शाळेची १९३० च्या दशकातली इमारत, जिच्या काचेच्या भिंती घडी घालून बाजूला होतात, ती आजही आर्किटेक्चरवाले आवर्जून बघतात. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन वगैरे औषधं आली, ज्या टीबीच्या भीतीने अशा शाळांना जोर होता ती भीती ओसरली आणि या शाळा बंद पडत किंवा साध्या शाळांत मिसळत गेल्या.